कोनाड्यांतली पुडी

(वाचन : १ राजे, अध्याय १९)



आमच्या मंडळींतील एक वृद्ध विधवा बहीण एकटीच राहते. मुलगा पोटासाठीं शहरांत आहे. तिला मधुमेह आहे, आणि डॉक्टरांनीं जुन्या औषधाच्या जोडीला ग्लिमेपिराईड नांवाची नवी गोळी दिली. मी भेटीस गेलों तेव्हां ती पुडी न फोडतां कोनाड्यांत, शास्त्राजवळ ठेविलेली होती. ती म्हणाली, “पाळकसाहेब, रात्रीं साखर उतरून मला घेरी आली, तर दार कोण उघडील?” मी म्हणालों, “बाई, चिंता करूं नका, प्रार्थना करा,” आणि निघालों. वाटेंत माझेंच मन मला टोंचूं लागलें. तिनें मार्ग विचारिला होता. मी उपदेश करून मोकळा झालों होतों.

घरीं येऊन एलीयाची कथा वाचिली. तोही एकटा होता. भयानें अरण्यांत जाऊन तो रतामाच्या झुडपाखालीं निजला व मरण मागूं लागला. देवानें त्यास आधीं बोध केला काय? नाहीं. दूताकरवीं उशाशीं भाकर व पाणी ठेविलें, आणि एकदां नव्हे, दोनदां उठवून जेवूं घातलें. होरेब डोंगरावरचें बोलणें मागाहून झालें. हिज्कीया राजाची प्रार्थनाही देवानें ऐकली, तरी गळवावर अंजिरांचा लेप लागलाच. मग औषध घेणें हा अविश्वास कसा? १९२२ सालीं टोरोंटो येथें इन्सुलिन पहिल्यानें एका मुलास टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशा मुलांस बहुधा मरणच होतें. हीही देवाची दयाच होय.

दुसऱ्या दिवशीं मी तिजबरोबर दवाखान्यांत गेलों. डॉक्टरांनीं सांगितलें तें असें : ही गोळी जेवणाच्या वेळींच घ्यावी, गोळी घेऊन उपाशीं राहूं नये. घाम, कंप, छातींत धडधड, एकाएकीं भूक किंवा गोंधळ वाटल्यास, अथवा तपासणींत साखर ७० च्या खालीं आल्यास, तीन लहान चमचे साखर पाण्यांत घालून लागलीच प्यावी. पंधरा मिनिटांनीं बरें न वाटल्यास पुन्हां घ्यावी. बरें वाटल्यावर कांहीं खावें. मनुष्य बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहीं घालूं नये. १०८ वर गाडी बोलवावी. मेटफॉर्मिन ही तिची जुनी गोळी एकटी घेतली असतां साखर फार उतरण्याची भीति थोडी असते; पहिले कांहीं आठवडे पोट बिघडतें इतकेंच. कोणतीही गोळी आपल्या मनानें बंद करूं नये, आणि शुभ शुक्रवारचा उपासही डॉक्टरांस विचारूनच करावा.

आतां तिच्या उशाशीं साखरेची डबी व पाण्याचा तांब्या असतो. घराची एक किल्ली शेजारणीकडे आहे. सकाळीं दार उघडलें नाहीं, तर शेजारीण हांक मारिते. गोळी सुरू झाली आहे. भीति अगदींच गेली नाहीं. पण आतां ती तिची एकटीची राहिली नाहीं.

उपदेशक बंधूंनो, आपल्या गांवीं एकटीं राहणारीं किती आहेत? त्यांच्या कोनाड्यांत काय पडलें आहे, हें आपण पाहिलें आहे काय? एलीयाकडे देवानें दूत पाठविला. आमच्या गांवांत तो तुम्हांआम्हांस पाठवितो. प्रार्थना करूनच जा. पण दाराशीं थांबून परत येऊं नका, आंत जाऊन बसा.

प्रभु आम्हांस एकमेकांचीं ओझीं वाहण्याचें बळ देवो. आमेन.