फालिज, यंत्र आणि खिदमत

मराठीत ज्याला पक्षाघात म्हणतात, त्याला आपल्या घरांत फालिज म्हणतात. मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटतो आणि अर्धे अंग निकामी होते. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावरून रुग्णाला ओरोसला, नाहीतर थेट गोव्यात बांबोळीला नेले जाते. जीव वाचतो, माणूस घरी येतो आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. मुलगा कुवेतला किंवा मुंबईला, घरात म्हातारी बीवी आणि सून. निकामी हात रोज हलवून घ्यायचा कोणी? हा प्रश्न वैद्यकाचा कमी आणि अखलाकचा अधिक आहे.

या प्रश्नात आता यंत्रमानव आला आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९९०च्या दशकात असे एक यंत्र तयार झाले. रुग्णाचा हात यंत्राच्या दांड्याला बांधतात. समोरच्या पडद्यावर दिसणाऱ्या खुणेकडे हात न्यायचा. तो अडला की मोटर त्याला पुढे नेते. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण तीच हालचाल पुन:पुन्हा केली की उरलेला मेंदू नवी वाट शिकतो, हे त्यामागचे तत्त्व. २००९च्या एका पाहणीत, नेहमीच्या उपचाराच्या एका बैठकीत हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ इतक्याच होतात असे आढळले. यंत्र एका बैठकीत हजारभर करून घेऊ शकते. आपल्या देशात वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मनगट व मुठीच्या सरावासाठी टेबलावर मावणारे 'प्लूटो' हे यंत्र बनवले आहे.

यावर आपल्यातले अनेकजण विचारतील, आईबापाची खिदमत यंत्राच्या हवाली करायची का? उत्तरासाठी आपल्याच इतिहासात डोकावू. दियारबकरच्या दरबारातील अल-जझरी यांनी १२०६ मध्ये यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. वजूसाठी हातावर पाणी घालणारे यंत्र त्यात आहे आणि ते बनवण्याचे कारणही दिले आहे. नोकराने वा दासीने आपल्या हातावर पाणी ओतावे, हे त्यांच्या सुलतानाला आवडत नव्हते. दुसऱ्याचा हात लागण्याचा हा संकोच आपल्या घरातल्या बुजुर्गांनाही असतो. फक्त ते बोलून दाखवत नाहीत. यंत्र थकत नाही, सुस्कारा टाकत नाही, उपकार मोजत नाही. सुनेच्या दुखऱ्या खांद्यांनाही त्याने आराम मिळेल. खिदमतीचे गोडवे गाणारे आणि ती प्रत्यक्ष करणारे बहुधा वेगळे असतात, हेही आपण ध्यानात ठेवावे.

मग यंत्र आले की सारे भागले का? ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. एका गटाला यंत्राचा सराव दिला, दुसऱ्याला थेरपिस्टकडून जादा सराव, तिसऱ्याला नेहमीचा उपचार. हाताने काम करण्याच्या मुख्य कसोटीवर अनुक्रमे ४४, ५० आणि ४२ टक्के रुग्ण उतरले. ठामपणे सांगावा असा फरक निघाला नाही. यंत्राने हालचाल काहीशी सुधारली, पण तिचा उपयोग रोजच्या कामात दिसला नाही. थेरपिस्टच्या गटात तो थोडा दिसला. त्या गटाचा सराव रुग्णाला हव्या असलेल्या कामांभोवती बांधलेला होता.

आमच्या मते सारा मुद्दा इथे आहे. हालचाल वेगळी आणि काम वेगळे. पडद्यावरच्या खुणेला हात लावून म्हाताऱ्याचे काय भले होणार? त्याला इजारीची नाडी स्वत: बांधायची असते, वजूसाठी ओंजळ भरायची असते, तसबीहचे मणी सरकवायचे असतात. कुणाला जाळ्याचे फाटलेले फास पुन्हा विणायचे असतात, कुणा खालाला तांदळाची भाकरी थापायची असते. यंत्र हात मोजते. हा हात कशासाठी हवा आहे, हे विचारत नाही. ते विचारणे माणसाचे काम आहे.

आणि विचारायला जवळ असावेच लागते, असेही नाही. रियाल-दिनार पाठवणारा मुलगा फोनवर "तबियत कशी?" एवढेच विचारून थांबतो. त्याने "बाबा, आज कोणते काम स्वत: करून पाहिलेत?" असे विचारले, तर समुद्रापलीकडूनही ती खिदमतच होईल. उलट त्याच छपराखाली राहून, वेळेवर चमच्याने भरवूनही, हे कधी न विचारणारी माणसे असतात. त्यांची मेहनत आम्ही कमी लेखत नाही. पण जे बुजुर्ग स्वत: करू शकतात, तेही आपण मायेपोटी करून टाकले, तर त्यांचा उरलासुरला हातही आपण काढून घेतो.

म्हणून यंत्राला नकार देण्यात शहाणपण नाही. ते मोठ्या शहरांतल्या महागड्या इस्पितळांत अडकून न राहता आपल्या तालुक्यापर्यंत यावे, ही मागणी आपण हक्काने करावी. मेहनत यंत्राने वाटून घ्यावी. सवाल मात्र आपण विचारावा, आणि जवाब यायला वेळ लागला, जीभ अडखळली, तरी सब्र ठेवून तो पुरा ऐकावा.