दुखण्याची जागा आणि माणसाचा दोष

शरीराच्या कोणत्या जागी दुखणे आले, यावरून माणसाच्या चालीचा निवाडा करता येतो का? कर्मविपाकाचे ग्रंथ अमुक पापाला अमुक रोग अशी सांगड घालतात. लोकव्यवहारात ही सांगड जननेंद्रियांच्या रोगांपाशी सर्वांत घट्ट बसते. छातीचा क्षय झाला तर कीव येते. वृषण सुजले तर कुजबुज सुरू होते.

मूत्रमार्गाचा संसर्ग बहुतेक वेळा आतड्यातल्या ई. कोलायमुळे होतो. परमा, उपदंश हे लैंगिक संबंधातून येतात. काही जिवाणू मात्र भलत्याच वाटेने तिथे पोचतात, आणि निवाडा करणाऱ्यांची अडचण तेच करतात.

नांदेड-लातूर हा लाल कंधारी आणि देवणी गाईंचा मुलूख. गाय गाभडली, वार अडकली, की गोठ्यातला माणूस बाही सारून उघड्या हाताने ती ओढून काढतो. गाय ब्रुसेलाने गाभडली असेल, तर हातावरच्या ओरखड्यातून तो जिवाणू अंगात शिरतो. कच्च्या दुधातूनही जातो. काही आठवड्यांनी ताप चढू-उतरू लागतो, घाम फुटतो, सांधे धरतात आणि काही पुरुषांचे वृषण सुजते. डेव्हिड ब्रूस यांना याच कुळातला जिवाणू 1887 मध्ये माल्टात मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत सापडला. गोसेवेला पुण्य मानणाऱ्या शास्त्राने या सुजेचा हिशेब कोणत्या पापाच्या खाती मांडायचा?

क्षयाची गोष्ट याहून कठीण. रॉबर्ट कोख यांनी 1882 मध्ये दाखवलेला हा जंतू फुप्फुसातून रक्तावाटे गर्भनलिकांत जाऊन बसतो. खोकला नाही, ताप नाही. मूल होत नाही, एवढेच अनेकदा लक्षण. घरात अशा बाईला वांझ म्हणतात, नवस बोलले जातात. मूत्रपिंडाच्या क्षयात लघवीत पू दिसतो, पण नेहमीच्या कल्चरवर काही उगवत नाही. मग गोळ्यांचे कोर्स बदलत राहतात आणि क्षयाची तपासणी तेवढी राहून जाते.

सोवळे म्हणजे जुने आरोग्यशास्त्रच, असा युक्तिवाद नेहमी होतो. हात धुण्यापुरता तो खरा आहे. पण विटाळ ठरलेल्या दिवशी न्हाऊन फिटतो, जंतू दिवस मोजत नाही. उलट विटाळ पाळणाऱ्या घरातच पाळीचे कापड उन्हाऐवजी अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली ओलसर वाळते.

विटाळाच्या या कल्पनेला उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. लातूर भागात मोठा अनुयायीवर्ग असलेला बसवण्णांचा लिंगायत धर्म पंचसूतके, म्हणजे पाच प्रकारचे विटाळ, मानत नाही. पाळीतही स्त्रीच्या अंगावरचे इष्टलिंग उतरत नाही. तेराव्या शतकात चक्रधरांनी पाळीला शरीराच्या इतर स्रावांच्याच ओळीत बसवले, आणि त्यांच्या महानुभाव पंथाचे मोठे क्षेत्र, माहूर, नांदेड जिल्ह्यातच आहे. तत्त्व मान्य झाले तरी लाज सुटली नाही, हे मात्र खरे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या 2 गावांत 650 स्त्रिया तपासल्या. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के.

रोगाची जागा चारित्र्याची साक्ष देत नाही, एवढेच जिवाणूशास्त्रातून धर्मविचाराने घ्यायचे आहे. क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. उशीर झाला तरी जंतू मरतो. बुजलेली गर्भनलिका मात्र क्वचितच उघडते.