मेघस्तंभ असताना होबाब कशाला?

शास्त्रभाग : गणना १०:११-१३, २९-३६



गणनेच्या दहाव्या अध्यायात एक लहानशी विनंती नोंदलेली आहे. तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. इस्राएल लोक सीनायजवळ जवळजवळ एक वर्ष राहिले होते. दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्याच्या विसाव्या दिवशी निवासमंडपावरील मेघ वर गेला आणि प्रवासाची आज्ञा झाली. पुढे कोठे जायचे व कोठे थांबायचे हे मेघ दाखवणार होता. दिवसा मेघ आणि रात्री अग्नी, यांहून अधिक स्पष्ट मार्गदर्शन कोणत्या राष्ट्राला मिळाले आहे? आणि तरीही त्याच वेळी मोशे आपल्या सासुरवाडीच्या होबाब नावाच्या मिद्यानी मनुष्याकडे वळतो आणि त्याला सोबत येण्याची गळ घालतो. होबाब प्रथम नकार देतो. मोशे पुन्हा विनवतो. या रानात आम्ही तळ कोठे द्यावा हे तुला ठाऊक आहे, तू आमच्यासाठी डोळ्यांसारखा होशील, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

मेघस्तंभ असताना होबाब कशाला? मोशेचा विश्वास डळमळला होता काय? काही भाष्यकारांनी तसा ठपका त्याच्यावर ठेवला आहे. परंतु शास्त्रलेख त्याला दोष देत नाही, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज एका खेळाचे साहाय्य घेऊ. प्रेषित पौलाने शर्यतीचा व मल्लयुद्धाचा दाखला घेण्यात कमीपणा मानला नाही, मग आपण तरी का मानावा?

या खेळाला ओरिएंटिअरिंग म्हणतात. मराठीत त्यास 'दिशाशोधाची शर्यत' म्हणता येईल. स्पर्धकाच्या हाती एक तपशीलवार नकाशा आणि एक होकायंत्र एवढेच असते. नकाशावर आरंभस्थान त्रिकोणाने, मधली ठिकाणे क्रमांक घातलेल्या वर्तुळांनी आणि शेवट दुहेरी वर्तुळाने दाखवलेला असतो. प्रत्यक्ष भूमीवर त्या त्या ठिकाणी पांढऱ्या व नारिंगी रंगाचे छोटे निशाण लावलेले असते. ती सर्व ठिकाणे ठरलेल्या क्रमाने गाठून जो कमी वेळात परत येतो तो जिंकतो. दोन ठिकाणांमधला मार्ग मात्र कोणी आखून दिलेला नसतो. तो ज्याचा त्याने ठरवायचा असतो. स्वीडनमध्ये १९१९ साली मेजर एर्न्स्ट किलांडर यांनी स्टॉकहोमजवळ भरवलेल्या मोठ्या स्पर्धेपासून या खेळाचा प्रसार झाला आणि १९६१ साली त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. मुळात हा उत्तरेकडील घनदाट अरण्यांचा खेळ, पण आता तो वाळवंटातही खेळला जातो.

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे जाट लोकांचे गाव. शहर वाढत वाढत त्याच्या सभोवती आले आणि गाव तसेच मध्ये राहिले. आता अरुंद गल्ल्यांतून चार-पाच मजली घरे एकमेकांना टेकून उभी आहेत. त्यांतील भाड्याच्या खोल्यांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून, विशेषतः ईशान्येकडील राज्यांतून आलेले विद्यार्थी व नोकरदार राहतात. शेजारीच जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. तेथील खडक आणि काटेरी किकर पाहिले की आपण अरवलीच्या शेवटच्या फांटीवर उभे आहोत हे ध्यानात येते. गुजरातपासून दिल्लीपर्यंत आलेली ही पुरातन डोंगररांग थरच्या वाळवंटाला बांधासारखी आडवी पडलेली आहे. उन्हाळ्यात पश्चिमेकडून धुळीची आंधी येते तेव्हा वाळवंट आपल्यापासून फार दूर नाही याची आठवण मुनिरकेच्या प्रत्येक गच्चीला होते.

या मुनिरकेत राहणारा जालन्याकडचा एक मराठी तरुण आमच्या घरगुती प्रार्थनासभेला येतो. सनदी सेवेच्या परीक्षेत त्याला दोनदा अपयश आले होते. तिसऱ्यांदा बसावे की घरी परतून वडिलांचा भार हलका करावा, या पेचात तो होता. तो मला म्हणाला, "काका, देवाने इस्राएलाला मेघ दिला. मला एक लहानसे चिन्हही का देत नाही?" चिन्हासाठी त्याने उपास केले होते. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडावे आणि ज्या ओवीवर बोट पडेल ती आज्ञा समजावी, असेही करून पाहिले होते. त्याच सुमारास मित्रांच्या आग्रहाने तो राजस्थानच्या वाळूत शनिवार-रविवार चाललेल्या अशा एका स्पर्धेत उतरला. परत आल्यावर त्याने जे सांगितले त्यात त्याच्या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर होते, असे मला वाटते.

पहिल्या दिवशी तो वेगाने धावला आणि हरवला. वाळवंटात एक टेकडी दुसरीसारखीच दिसते. अरण्यात ओढा, कुंपण, पायवाट यांचा आधार असतो. वाळूत एखादे खेजडीचे झाड, एखादी विहीर किंवा दूरची ढाणी यांवरच विसंबावे लागते. बाकी सर्व नकाशावरील तपकिरी समोच्च रेषांवरून, म्हणजे भूमीच्या चढउतारावरून ओळखायचे असते. त्यासाठी थांबून पाहावे लागते आणि धावणाऱ्याला नेमके थांबणेच नको असते.

नीतिसूत्रे १९:२ मध्ये उतावळ्या पावलांविषयी एक इशारा आहे. तेथे वाट चुकणे या अर्थी जे इब्री क्रियापद आले आहे ते 'खाता' होय. जुन्या करारात पाप करणे या अर्थी नेहमी येणारे क्रियापद हेच. शास्ते २०:१६ मध्ये बन्यामिनी गोफणदारांचा नेम केसभरही चुकत नसे असे सांगताना तेच वापरले आहे. अनुवाद करताना एका ठिकाणी 'पाप', दुसऱ्या ठिकाणी 'नेम चुकणे' आणि तिसऱ्या ठिकाणी 'वाट चुकणे' असे लिहावे लागते. मग मूळ शब्दातील नाते वाचकाला दिसत नाही. पण ते नाते आहे. पाप नेहमी बंडाचा झेंडा घेऊनच येते असे नाही. पुष्कळदा ते केवळ घाईच्या पावलांनी येते.

त्या तरुणाने दुसरी गोष्ट सांगितली ती पाऊलखुणांची. गोंधळल्यावर त्याला वाळूत ताज्या पाऊलखुणा दिसल्या. कोणीतरी खात्रीने याच वाटेने गेला आहे असे समजून तो त्यांवरून चालत गेला. त्या खुणांनी त्याला एका निशाणापर्यंत नेलेही. परंतु निशाणावरचा संकेतांक त्याच्या कागदावरच्या अंकाशी जुळेना. या स्पर्धेत वयोगटाप्रमाणे व कौशल्याप्रमाणे निरनिराळे मार्ग आखलेले असतात. तो मनुष्य चुकला नव्हता. त्याचा मार्गच वेगळा होता.

येथे तिबिर्या समुद्राच्या किनाऱ्यावरील पेत्राची आठवण होते. योहान मागून येत आहे हे पाहून, याचे काय, असे त्याने प्रभूला विचारले. त्याच्याशी तुला काय करायचे आहे, तू माझ्यामागे ये, असे उत्तर प्रभूने दिल्याचे योहान २१:२२ मध्ये आपण वाचतो. शेजाऱ्याचा मुलगा अधिकारी झाला, मावसबहीण परदेशी गेली, म्हणून आपल्याही लेकरांना त्याच पाऊलखुणांवरून पळवणाऱ्या आईबापांनी हे वचन आपल्या घराच्या भिंतीवर लावावे.

मग दुसऱ्याच्या साहाय्याने चालूच नये काय? तसे नाही आणि येथेच होबाब आपल्याला भेटतो. स्पर्धकाच्या हातातील नकाशा आकाशातून पडत नाही. कोणीतरी त्या वाळूत दिवसचे दिवस चालून प्रत्येक उंचवटा, खळगा आणि विहीर टिपून ठेवलेली असते. आपल्या देशात याचे थोर उदाहरण म्हणजे नैनसिंग रावत. भारतीय सर्वेक्षण खात्यासाठी १८६५-६६ साली ते वेष पालटून ल्हासापर्यंत पायी गेले. रूढ १०८ मण्यांच्या ऐवजी त्यांच्या माळेत १०० मणी होते आणि दर शंभर पावलांना एक मणी ते सरकवीत. त्यांच्या त्या मोजलेल्या पावलांतून पुढे नकाशावर अंतरे उमटली. नकाशा म्हणजे आपल्या आधी चालून गेलेल्या माणसाचे डोळे होत. पाऊलखुणा आणि नकाशा यांत हाच भेद आहे. पाऊलखुणा एवढेच सांगतात की कोणी येथून गेला. नकाशा ही भूमी कशी आहे ते दाखवतो आणि पाऊल टाकण्याची जबाबदारी तुमच्यावर ठेवतो.

मोशेने होबाबाकडे हेच मागितले. मेघ कोठे थांबायचे ते दाखवील. पण थांबल्यावर पाणी कोठे असेल, चारा कोठे, तंबू कोणत्या उताराला ठोकावा हे त्या रानात वाढलेल्या मनुष्यालाच ठाऊक असते. देवाचे मार्गदर्शन माणसाचे ज्ञान रद्द करीत नाही, ते त्याला आपल्या सेवेत घेते. इब्री शास्त्राचा प्राचीन ग्रीक अनुवाद करणाऱ्यांनी या ठिकाणी 'डोळे' हा शब्द ठेवला नाही. तू आमच्यामध्ये वडीलधारा होशील, असा अर्थ त्यांनी दिला. शब्दाला शब्द या दृष्टीने तो अनुवाद सैल आहे, परंतु त्यामागील समज खोल आहे. मंडळीतील वडील हे मंडळीचे डोळे असतात. होबाबाने अखेर काय केले हे गणनेत सांगितलेले नाही. तथापि त्याचे वंशज पुढे इस्राएलाच्या भूमीत राहत असल्याचे शास्ते ४:११ वरून दिसते. म्हणजे मोशेची विनंती बहुधा वाया गेली नाही.

परंतु प्रियजनहो, उत्तम नकाशाही अंतःकरणाची जागा घेऊ शकत नाही. अनुवाद १:२ मध्ये एक विलक्षण नोंद आहे. होरेबपासून कादेश-बर्ण्यापर्यंतचा प्रवास ११ दिवसांचा होता. कनानच्या उंबरठ्यापाशी पोहोचलेल्या या लोकांना आत प्रवेश करायला मात्र ४० वर्षे लागली. त्यांना माहिती नव्हती काय? बारा हेरांनी ४० दिवस देश पाहून घेतला होता. मेघ होता, कोश होता, मोशे होता. उणीव होती ती विश्वासाची. ज्याला जायचेच नाही त्याला कोणतेही होकायंत्र नेऊ शकत नाही. म्हणून चिन्हाची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस विचारावे की मला खरोखर मार्ग दिसत नाही, की दिसलेला मार्ग मला नको आहे?

होकायंत्राविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लोखंडाची वस्तू जवळ आली की त्याची सुई फसते. दोष सुईचा नसतो, आपण जवळ काय बाळगले आहे याचा असतो. आपली विवेकबुद्धी अशीच आहे. लोभ, भय किंवा लोकांकडून मिळणारा मान खिशात ठेवून आपण तिला दिशा विचारतो आणि ती दाखवील ती देवाची इच्छा मानतो.

आणि जो हरवलाच आहे त्याने काय करावे? या खेळातील अनुभवी लोक सांगतात की हरवल्याची शंका येताच पुढे धावू नये. थांबावे, नकाशा पुन्हा उत्तरेशी जुळवावा आणि तरीही उमगले नाही तर जेथे आपण निश्चितपणे होतो त्या शेवटच्या ठिकाणी परत जावे. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाने तेच केले. परत जाण्यात त्याची वीस मिनिटे गेली, पण सर्व निशाणे त्याला सापडली. इब्री भाषेत पश्चात्तापासाठी जो शब्द वारंवार येतो त्याचा साधा अर्थ 'मागे फिरणे' असाच आहे. इफिस येथील मंडळीला प्रभूने, तू कोठून पडलास त्याची आठवण कर, असे बजावल्याचे प्रकटीकरण २:५ मध्ये आहे. परतण्यात वेळ जातो खरा, परंतु चुकीच्या दिशेने वाचवलेला वेळ हा वेळच नव्हे.

त्या तरुणाने नंतर आपला प्रश्न वडिलांना पत्राने कळवला, मंडळीतील दोन वडीलधाऱ्यांशी तो बोलला, आपले वय, पैसा व खरी आवड यांचा हिशेब प्रार्थनापूर्वक मांडला आणि निर्णय घेतला. तो निर्णय काय होता हे मी येथे लिहीत नाही. कोणी वाचक त्याच्या पाऊलखुणांवरून चालू लागेल!

शेवटी या खेळाच्या नावाकडे वळू. 'ओरिएंट' हा शब्द लॅटिनमधील 'ओरिएन्स', म्हणजे उगवता सूर्य, यावरून आला आहे. दिशा ठरवणे म्हणजे मुळात उगवतीकडे तोंड करणे. इब्री भाषेतही तसेच आहे. 'केदेम' म्हणजे समोर आणि पूर्व, 'यामीन' म्हणजे उजवा हात आणि दक्षिण. बन्यामीन या नावात हाच 'यामीन' आहे. आपल्या भाषेला संस्कृताकडून मिळालेला वारसाही हाच. 'पूर्व' म्हणजे पुढचे, 'दक्षिण' म्हणजे उजवे, 'पश्चिम' म्हणजे मागचे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या या भाषा एकाच गोष्टीची साक्ष देतात की मनुष्य आधी उगवतीकडे तोंड करतो आणि मग त्याला बाकीच्या दिशा कळतात.

लूक १:७८-७९ मध्ये वृद्ध जखऱ्या उंचावरून येणाऱ्या उदयाविषयी बोलतो. तेथे लॅटिन अनुवादात हाच 'ओरिएन्स' शब्द आहे. आणि तो उदय कशासाठी? अंधारात बसलेल्यांना प्रकाश मिळावा आणि आपली पावले शांतीच्या मार्गाला लागावीत यासाठी. तो उदय म्हणजे प्रभू येशू ख्रिस्त. तोही रानात ४० दिवस राहिला. तेथे दुसऱ्याने दाखवलेल्या तीन सोप्या वाटा त्याने नाकारल्या. इब्री लोकांस पत्र ६:२० मध्ये त्याला आपल्या आधी आत गेलेला अग्रेसर म्हटले आहे. त्या अर्थाचा ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात केवळ याच एका ठिकाणी येतो. होबाबाला रान ठाऊक होते, प्रभूला रान ठाऊक आहे आणि पलीकडील घरही.

म्हणून, बंधुभगिनींनो, मेघ दिसत नाही म्हणून निराश होऊ नका. वचनाचा नकाशा उघडा आणि तो सबंध वाचा, बोट ठेवून नव्हे. मंडळीतील होबाबांना विनंती करा. पहिल्या नकाराने मोशे थांबला नाही, तुम्हीही थांबू नका. वाट चुकली असेल तर मागे फिरा. आणि सर्वांत आधी उगवतीकडे तोंड करा. तो प्रभू आपणा सर्वांची पावले शांतीच्या मार्गावर नेवो. आमेन.