जर फुटलेली आत्या

उत्तनच्या किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील सुकत घालणाऱ्या बायका दिवसभर उन्हात उभ्या असतात. डोक्यावर पदर असतो, ओठ मात्र उघडे. ऊन तापलं की कुणाच्या तरी ओठाच्या कडेला बारीक फोडांचा घोस उठतो. भाईंदरहून सकाळची लोकल पकडणाऱ्या, जागरणाने शिणलेल्या मुलीच्या ओठावरही तोच. आपण म्हणतो, जर फुटला. कुणी म्हणतं, पाल चाटून गेली.

पालीचा यात काही संबंध नाही. हर्पीस सिम्प्लेक्स नावाचा हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच, घरातल्याच कुणाच्या तरी पाप्यातून मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे 64 टक्के लोकांच्या अंगात त्याचा पहिला प्रकार आहे. तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी जन्मभर दडून राहतो. ताप, कडक ऊन, दगदग, पाळी असं निमित्त झालं की वर येतो. इतक्या सर्रास आढळणाऱ्या दुखण्यावरून कुणाच्या चारित्र्याची शंका घ्यायची हा निव्वळ अन्याय आहे. पण 'हर्पीस' शब्द कानावर पडला की नजरा बदलतात, आणि म्हणून माणसं फोड लपवतात.

या लपवण्याची किंमत कोण मोजतं, हे बारशाच्या दिवशी पाहावं. मीरा रोडच्या दोन खोल्यांच्या घरात पाहुणे दाटीने बसलेले, पाळणा सजलेला. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. ती वाकते, ओठ बाळाच्या कानाशी नेते, 'कुर्र' करते आणि मग गालाचा पापा घेते. बाळ बारा दिवसांचं. पहिल्या काही आठवड्यांत हा विषाणू बाळाच्या मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत पोचू शकतो आणि जिवावर बेतू शकतं. आत्याच्या ओठावर त्या दिवशी जर फुटलेला असेल, तर तिने काय करावं? मान सोडवत नाही, चारचौघांत सांगवत नाही. ती लिपस्टिकचा जाड थर देते. मला यात आत्येपेक्षा घराचा दोष मोठा वाटतो. तिला मोकळेपणी सांगता येईल, आणि सांगितल्यावर कुणी तोंड वाकडं करणार नाही, असं वातावरण आपण ठेवलेलंच नसतं. पाळण्याची दोरी लांबूनही हलवता येते.

बाळाच्या आईलाच जर फुटला तर तिला वेगळं काढू नये. स्तनावर फोड नसतील तर तिने दूध जरूर पाजावं. हात साबणाने धुवावेत, तोंडाला मास्क लावावा, खपली पडून त्वचा भरेपर्यंत पापा घेऊ नये.

उपचार साधा आहे. ओठ चुणचुणायला लागतात तेव्हाच असायक्लोविर मलम सुरू केलं, दिवसातून पाच वेळा लावलं, तर दुखणं थोडं लवकर आटोपतं. नाहीतरी आठ-दहा दिवसांत ते आपसूक बरं होतं. वारंवार होत असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. औषधशास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून निघालेलं असायक्लोविर आज आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. तरीही लोक चुना लावतात, लिंबू चोळतात, टूथपेस्ट थापतात आणि कोवळी त्वचा भाजून घेतात. त्याहून वाईट म्हणजे शेजारणीने दिलेली स्टेरॉइडची ट्यूब. ती लावली की विषाणूला रान मोकळं मिळतं. 2018 साली सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ती काही उगाच नव्हे. उन्हात काम करणाऱ्यांनी ऊन अडवणारा लिप बाम लावावा, पण ज्याचा त्याने. टॉवेल, पेला, लिपस्टिकही वेगळी ठेवावी. फोडाला लागलेला हात डोळ्याला लावू नये. डोळा लाल होऊन दुखू लागला तर लगेच नेत्रतज्ज्ञ गाठावा, कारण बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.

आणि महिन्या-दीड महिन्याच्या बाळाला ताप आला, ते दूध ओढेना, सुस्त पडलं किंवा अंगावर फोड दिसले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या, आणि जर फुटलेलं कुणी बाळाजवळ आलं होतं का, हे डॉक्टरांना न लपवता सांगा.