लक्कम्मांनी परत पाठविलेले तांदूळ

बाराव्या शतकातील कल्याण नगरीत मारय्या नावाचे एक शरण राहत होते. अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे त्यांचे कायक. कन्नडमध्ये 'आय्द' म्हणजे वेचलेले आणि 'अक्की' म्हणजे तांदूळ. म्हणून ते आयदक्की मारय्या. त्या तांदळांचा भात करून त्यांच्या धर्मपत्नी लक्कम्मा जंगमांना दासोह घडवीत आणि मग उभयता प्रसाद घेत. परंपरा सांगते की, एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांना आनंद झाला नाही. आपल्याला लागतात त्याहून हे अधिक आहेत, तेव्हा जिथले आहेत तिथे परत टाकून या, असे त्यांनी पतीला निक्षून सांगितले. साठवणीची हाव शिवभक्ताला शोभत नाही, हा त्यांच्या वचनाचा आशय सर्वश्रुत आहे.

या प्रसंगावर आम्ही अनेक वर्षे प्रवचने केली. निर्लोभता, कायकनिष्ठा, पतीला वाट दाखविणारी शरणी, असे अर्थ सांगितले. ते सारे खरेच आहेत. परंतु आणखी एक अर्थ आम्हांस गेल्या श्रावणात आमच्याच मठाच्या मागील बाजूस उमगला. तो सांगताना संकोच वाटतो. तरी सांगणे कर्तव्य आहे.

श्रावणातील शेवटच्या सोमवारी दासोह आटोपल्यावर आम्ही सहज दासोहभवनाच्या मागे गेलो. तिथे पत्रावळ्यांचा, ताटल्यांचा, पाण्याच्या बाटल्यांचा ढीग पडला होता. हुग्गी आणि भात कॅरीबॅगांत भरून, तोंडाला गाठी मारून टाकलेला होता आणि एक गाय अन्नाच्या वासाने पिशवीसकट ते गिळत होती. प्लास्टिक गुरांच्या पोटात पचत नाही, बाहेरही पडत नाही; तिथेच साचत जाते. ज्या प्रसादाने जीव तृप्त व्हावा, त्यानेच एका मुक्या जीवाच्या पोटात विष कालवले जात होते, आणि ते आमच्या मठात!

आम्ही भक्तांना ताटात टाकल्याबद्दल दोष देऊ लागलो. तेव्हा पत्रावळ्या उचलणारी एक वृद्ध माता हळूच म्हणाली, "अप्पाजी, लोकांस्नी बोलू नका. निम्म्या अन्नाला कुणी हातबी लावलेला न्हाई. न इचारता वाढत्यात, मग मानसं करनार काय?"

सद्भक्तहो, आम्हांस त्या क्षणी लक्कम्मा भेटल्या.

षट्स्थलांपैकी तिसरे स्थल प्रसादीचे. लिंगार्पित अन्न हे अन्न उरत नाही, प्रसाद होते. त्याचा कणही टाकू नये, हे लहानपणापासून आपण ऐकतो. पण हा नियम आपण केवळ जेवणाऱ्याला लावला, वाढणाऱ्याला लावला नाही. प्रसाद टाकणे हा अनाचार असेल, तर टाकावा लागेल इतका वाढणे हाही अनाचारच. आग्रहाने पत्रावळ भरणे याला आपण औदार्य समजलो. वस्तुतः ते आपल्या मोठेपणाचे प्रदर्शन होते. दासोहातील 'दास' निघून गेला आणि 'मी' तेवढा उरला.

आज कचऱ्याबद्दल पुष्कळ बोलले जाते. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, असे 2016 सालच्या केंद्र सरकारच्या नियमांनी सांगितले. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर देशभर बंदी आली. हे सर्व योग्यच आहे. परंतु हा झाला मारय्यांचा अर्धा धडा. सांडलेले वाया जाऊ देऊ नका, एवढाच. लक्कम्मांचा धडा त्याच्या आधीचा आहे. त्या विचारतात, हे जास्तीचे घरात आलेच कशाला? कचरा उकिरड्यावर जन्मत नाही. गरजेहून अधिक घेणाऱ्या आणि देणाऱ्या हातात तो जन्मतो.

त्यानंतर मठात काही बदल केले. प्रथम थोडे वाढायचे, मग विचारून दोनदा, तीनदा वाढायचे. पळसाच्या पत्रावळी किंवा धुऊन घेण्याची स्टीलची ताटे. आतून चकचकीत दिसणाऱ्या कागदी ताटल्या बंद केल्या. त्या कागदावर प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो कुजत नाही. तरीही उरलेले उष्टे आणि भाजीची देठे खड्ड्यात, वर वाळलेल्या पानांचा थर. पिशवीत कोंडलेले अन्न हवेवाचून सडते, दुर्गंधी सुटते आणि त्यातून पृथ्वीची उष्णता वाढविणारा मिथेन वायू निघतो. तेच अन्न मोकळ्या हवेत पालापाचोळ्यासह कुजले, अधूनमधून वरखाली केले, की काही महिन्यांत काळेभोर खत होते. इष्टलिंग पूजेची बिल्वपत्रे आणि फुले पिशवीत बांधून हिरण्यकेशीत, घटप्रभेत सोडण्याची रीत आपल्याकडे आहे. नदीला पवित्र मानायचे आणि तिच्यातच पिशव्या फेकायच्या, हा कोणता आचार? ते निर्माल्यही आता त्याच खड्ड्यात जाते आणि खत होऊन बेलाच्या झाडाला मिळते. त्या बेलाचे पान पुन्हा लिंगावर चढते.

हे सुखाने झाले असे नाही. "मठाने हात आखडता घेतला" असे काही जण बोलले. एका दानी भक्ताने पाण्याच्या बाटल्यांची खोकी आणली होती. ती परत पाठविताना त्यांचे मन दुखावले आणि आम्हांसही वाईट वाटले. परंतु मारय्यांना तांदूळ घेऊन माघारी जाताना काय वाटले असेल? भक्तिभावाने आणलेले परत करणे सोपे नसतेच. लग्नकार्यात, वास्तुशांतीत तुमच्यावरही हा प्रसंग येईल. तेव्हा लोक काय म्हणतील यापेक्षा लक्कम्मा काय म्हणाल्या असत्या, याचा विचार करा.

या महिन्यात प्रत्येक घराने एकच व्रत घ्यावे. स्वयंपाकाला बसण्यापूर्वी किती माणसे जेवणार हे विचारावे आणि बाजाराला निघताना कापडी पिशवी खांद्याला लावावी. रात्री झोपताना घरातून आज काय बाहेर टाकले गेले, ते एकदा पाहावे. ते पाहणे हीही पूजाच आहे.

ती वृद्ध माता आजही पत्रावळ्या उचलते. परवा आम्ही विचारले, "आई, आता कसे आहे?" ती म्हणाली, "बुट्टी हलकी झालीया, अप्पाजी." आमच्या कोणत्याही प्रवचनाला याहून मोठी पावती मिळालेली नाही.

शरणु शरणार्थी.