पिवळी पट्टी कोणाला विचारते?

आयकर विवरणपत्राची एक्सेलमधली युटिलिटी उघडली की शीटच्या डोक्यावर पिवळी पट्टी येते. मॅक्रो बंद ठेवले आहेत, असं ती सांगते आणि शेजारी ‘एनेबल कंटेंट’चं बटण असतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात करसल्लागाराच्या ऑफिसातली मुलं ते बटण दिवसभर दाबत असतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मॅक्रो चालू करा असं सूचनांमध्येच सांगितलेलं असतं. ते केलं नाही तर शीटवरची बटणं मुकी राहतात, विवरणपत्र तपासलं जात नाही, अपलोड करायची फाइल तयार होत नाही. जीएसटीच्या ऑफलाइन एक्सेल फाइलींचीही हीच तऱ्हा. इशारा आला की तो बाजूला सारायचा, हा धडा आपल्याकडच्या कितीतरी लोकांना सरकारी फाइलींनीच दिला. हेतू तसा नव्हता, पण सवय लागली ती लागलीच.

मॅक्रो म्हणजे फाइलीतच लिहून ठेवलेला छोटा प्रोग्राम, आणि ती मुळात फार कामाची गोष्ट. बिलावर रक्कम अक्षरी लिहायची असते आणि त्यासाठी एक्सेलमध्ये लाख-कोटीचं तयार सूत्र नाही. मायक्रोसॉफ्टनं डॉलर-सेंटसाठी दिलेला मॅक्रोचा नमुना कोणीतरी रुपया-पैशांत बसवला, आणि तो हातोहात दुकानांत, सोसायट्यांत, संस्थांच्या कचेऱ्यांत पोचला. मॅक्रो बंद केले की त्या रकान्यात अक्षरी रुपयांच्या जागी चुकीची खूण उमटते. प्रोग्रामिंगचा वर्ग न पाहिलेल्या हिशेबनिसानं यंत्राला आपल्या सोयीचं काहीतरी शिकवावं, अशा जागा संगणकात फार थोड्या उरल्या आहेत. मॅक्रो ही त्यांतली एक, म्हणून त्याच्याविषयी बोलताना माझा सूर आधीच थोडा मऊ होतो.

धोका निघतो तोही याच सोयीतून. 1993 साली एक्सेलमध्ये व्हिज्युअल बेसिकची भाषा आली आणि फाइल उघडताक्षणी आपोआप चालेल असा प्रोग्राम आकडेमोडीच्या शीटमध्ये ठेवता येऊ लागला. वाचायचा कागद आणि चालणारं यंत्र एकाच नावाखाली नांदू लागले. 1995 मध्ये वर्डच्या फाइलींतून पसरणारा ‘कन्सेप्ट’ हा व्हायरस आला, पुढच्याच वर्षी एक्सेलमधला ‘लॅरू’. मग एक्सेल 97 विचारू लागलं: या फाइलीत मॅक्रो आहेत, चालू करू की नको?

प्रश्न रास्त वाटतो, पण तो ज्याला विचारला जातो त्याच्यापाशी उत्तर नसतं. आत काय लिहिलंय ते दिसत नाही, दिसलं तरी बहुतेकांना वाचता येत नाही. समोर असते ती फक्त कामाची घाई. अशा माणसाकडून ‘हो’ वदवून घेणं याला संमती म्हणायला मी तयार नाही. उद्या काही बिघडलं तर ‘आम्ही विचारलं होतं’ म्हणायची सोय मात्र त्यातून होते.

‘ओळखीच्या माणसाचीच फाइल उघडा’ हा सल्ला तर मार्च 1999 मध्येच निकालात निघाला. अमेरिकेत डेव्हिड स्मिथनं सोडलेला ‘मेलिसा’ व्हायरस वर्डच्या फाइलीत होता. उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या 50 नावांना तो स्वतःच पुढं जाई, तेही उघडणाऱ्याच्या नावानं. पत्र खरोखरच ओळखीच्याकडून येत होतं. फक्त त्या ओळखीच्याला त्याचा पत्ता नव्हता. स्मिथला पुढं 20 महिन्यांची कैद झाली. 2015 मध्ये युक्रेनच्या वीजवितरण कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांना आलेल्या ऑफिस फाइलींत मॅक्रो होते, ते चालू करण्याची विनवणी होती, आणि कोणीतरी ते केले. चोर कित्येक महिने आत फिरले. 23 डिसेंबरला सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज काही तास गेली. बटण दाबणाऱ्या त्या कर्मचाऱ्याला दोष देणं सोपं आहे. त्याआधी त्यानं तेच बटण किती वेळा, किती निरुपद्रवी फाइलींवर दाबलं असेल, हे कोण मोजणार?

मायक्रोसॉफ्टनं फेब्रुवारी 2022 मध्ये जाहीर केलं की इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आता थेट अडवले जातील. पट्टी लाल असेल आणि तिच्यावर ‘एनेबल’चं बटण नसेल. जुलैमध्ये तक्रारींमुळं हा निर्णय मागं घेतला गेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा लागू झाला. मला तो योग्यच वाटतो, उशीर मात्र फार झाला. त्यानंतर बऱ्याच चोरट्यांनी मॅक्रो सोडून डिस्क-इमेज आणि शॉर्टकटच्या फाइली हाती धरल्या. उपाय लागू पडल्याची याहून चांगली पावती कुठली?

झळ बसली ती साध्या माणसांना. विंडोज उतरवलेल्या फाइलीवर ‘बाहेरून आली’ अशी अदृश्य खूण करतं. सरकारी संकेतस्थळावरची युटिलिटीही बाहेरूनच येते, तेव्हा तिच्यावरही लाल पट्टी. मग व्हॉट्सॲपवर कृती फिरू लागली: फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘अनब्लॉक’वर टिचकी. जुनं बटण दोन खोल्या आत गेलं, एवढंच. आणि आपल्या ऑफिसांत फाइली अजून पेनड्राइव्हवरून फिरतात. एफएटी पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ती खूण टिकतच नाही. पलीकडच्या संगणकावर तीच फाइल पुन्हा नुसत्या पिवळ्या पट्टीसह उघडते. त्यातून ऑफिस 2010 पासून एकदा ‘एनेबल’ केलेली फाइल त्या संगणकावर विश्वासू ठरते. नंतर तिच्यातला मॅक्रो बदलला तरी सहसा पुन्हा विचारणा होत नाही. एका दमलेल्या दुपारचं ‘हो’ किती काळ पुरतं, हे दाबणाऱ्याला कोणी सांगत नाही.

लहान ऑफिसानं काय करावं? इशारा डोळे उघडे ठेवून वाचा, हा उपदेश मी करणार नाही. दिवसाकाठी विसाव्यांदा आलेला इशारा कोणीच वाचत नाही. इशारे कमी करणं हाच मार्ग दिसतो. ऑफिसच्या रोजच्या मॅक्रोफाइली एका फोल्डरात ठेवाव्यात आणि एक्सेलच्या ट्रस्ट सेंटरमध्ये तेवढंच फोल्डर विश्वासाचं म्हणून नोंदवावं. त्यात फाइल टाकण्याची मुभा एकाच जबाबदार माणसाला असावी. नवी युटिलिटी मूळ संकेतस्थळावरून त्यानंच उतरवावी, आणि ग्रुपवर आलेली प्रत कितीही सोयीची असली तरी तिथं ठेवू नये. डाउनलोड्सचं अख्खं फोल्डर विश्वासाचं करून टाकणारेही भेटतात, त्यांना हात जोडावेत. बाहेरच्याला आकडे पाठवायचे तर मॅक्रोशिवायच्या एक्सएलएसएक्स फाइलीत पाठवावेत. जुनं एक्सएलएस शक्यतो टाळावं, कारण त्यात मॅक्रो आहेत की नाहीत हे नावावरून कळत नाही.

एवढं केलं की रोजच्या कामात पट्टी दिसायची थांबते. त्यानंतर एखाद्या दिवशी ती दिसली, तर पाठवणाऱ्याला फोन करून ‘तुम्हीच पाठवलीत ना?’ असं विचारायला माणसाजवळ वेळही असतो आणि कारणही. ‘होय’ म्हणून सांगणाऱ्याला मग दुसरंही विचारता येतं, की ही फाइल मॅक्रोशिवाय नाही का पाठवता येणार? बहुतेक वेळा येते.