परतीचे तिकीट

चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथच्या अरण्यात बाबा आमटे यांनी १९६७ साली तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. बंगळूरहून मीही एकदा तेथे गेलो होतो. कुदळ हाती घेताच साहेब-कारकून हा भेद गळून पडला आणि मन सुखावले. परंतु ही समता खरी काय? माझ्या खिशात परतीचे तिकीट होते. ज्या कुष्ठमुक्त बांधवांनी तेथील जमीन लागवडीस आणली, त्यांच्यापैकी कित्येकांना आप्तांनीच घराबाहेर काढले होते. आमचा वनवास हौसेचा, त्यांचा लादलेला. म्हणून छावणीचे मोल अरण्यात ठरत नाही. कचेरीत परतल्यावर शिपायाला हाक न मारता मी स्वतः उठून पाणी घेतो काय, यावरच ते ठरते. खरे सांगावयाचे तर, मी अद्याप हाकच मारतो.